टनामागे पाच सेंट

अमेरिकेने 2023 साली आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाचा सुमारे साडेसतरा टक्के भाग औषधोपचारावर खर्च केला. 1960 साली हे प्रमाण पाच टक्के होते. एवढे करूनही अडीच कोटींहून अधिक माणसे विम्यावाचून राहिली. हे कोडे सोडवायचे, तर त्या देशातील कामगारांच्या इतिहासाकडे वळले पाहिजे.

1935 च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने वार्धक्य व बेकारी यांची तरतूद केली. पण डॉक्टरांच्या संघटनेच्या विरोधाच्या धास्तीने आजारपण वगळले. 1942 मध्ये युद्धामुळे वेतने गोठवली गेली. कामगार टिकवण्यासाठी मालक पगाराऐवजी विमा देऊ लागले. पुढे 1954 च्या करकायद्याने अशा विम्याला करमाफी पक्की केली. अशा रीतीने औषधाची बाटली नोकरीला बांधली गेली.

अध्यक्ष ट्रूमन यांनी 1945 मध्ये सर्वांसाठी राष्ट्रीय विमा सुचवला. ‘हे समाजवादी वैद्यक’ अशी ओरड झाली आणि योजना बारगळली. मग संघटनांनी करारातून मिळेल ते घेण्याचा मार्ग धरला. 1946 च्या संपानंतर कोळसा कामगारांचे पुढारी जॉन लुईस यांनी टनामागे पाच सेंट कल्याणनिधीसाठी मिळवले. 1952 पर्यंत ते चाळीस झाले. त्या पैशांतून 1956 मध्ये केंटकी, व्हर्जिनिया व वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरांत दहा इस्पितळे उघडली. कामगारांनी स्वतःच्या बळावर उभारलेले हे काम कोणालाही अभिमान वाटावा असेच होते.

पण निधी कोळशावर अवलंबून होता. कोळशाची मागणी उतरली, यंत्रे आली, माणसे कमी झाली. 1960 मध्ये वर्षाहून अधिक काळ बेकार असलेल्यांची आरोग्यपत्रे रद्द झाली. 1962 मध्ये काही इस्पितळे बंद करण्याचे जाहीर झाले. म्हणजे मजुरी गेली त्याच वेळी औषधही गेले!

1965 मध्ये वृद्धांसाठी मेडिकेअर व गरिबांसाठी मेडिकेड आले. मेडिकेअरचा पैसा हवा असेल तर वर्णभेद सोडा, ही अट पडताच 1966 मध्ये हजारो इस्पितळांची दारे काळ्या रुग्णांना उघडली. मात्र इस्पितळाने खर्च दाखवावा आणि सरकारने तो भरावा ही रीत 1983 पर्यंत चालली; मग खर्च आवरणार कोण? 2010 च्या कायद्याने विमा नसलेल्यांची संख्या बरीच घटवली, पण 2012 च्या न्यायालयीन निर्णयाने मेडिकेडचा विस्तार राज्यांच्या मर्जीवर सोडला.

लुईस यांना दोष देणे सोपे आहे. आम्हांला तसे वाटत नाही. कायदेमंडळाने दार लावल्यावर सभासदांसाठी खिडकी उघडणे हे संघटनेचे कर्तव्यच होते. परंतु ज्याला संघटना नाही, ज्याची नोकरी सुटली, त्याला त्या खिडकीतून आत येता येत नाही. म्हणून करारात मिळालेला हक्क कायद्यात नेईपर्यंत लढा संपला असे कोणत्याही संघटनेने मानू नये.