समुद्र नसलेल्या खान्देशात किनाऱ्यावरचा तुतवार का येतो?

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांना समुद्रकिनारा नाही. तरीही हिवाळ्यात हतनूर धरणावर, तापी-पांझरेच्या काठांवर तुतवार दिसतो. हा पक्षी तर किनारपक्ष्यांच्या गटातला. मग त्याला इथे किनारा मिळतो कुठे?

तुतवार कसा ओळखायचा?

साळुंकीपेक्षा थोडा लहान, लांबी साधारण २० सेंटिमीटर. पाठ तपकिरी, पोट पांढरं. पोटाचा पांढरा रंग खांद्यापुढे वर चढलेला दिसतो. चालताना शेपटीकडचा भाग सतत वर-खाली हलतो, ही सगळ्यात सोपी खूण. बहुतेक वेळा तो एकटाच असतो.

येतो कुठून?

युरोपपासून सायबेरियापर्यंत आणि हिमालयातल्या नद्यांकाठी त्याची वीण होते. ऑगस्टपासून तो भारतात उतरू लागतो आणि एप्रिल-मेपर्यंत परततो.

धरणाला किनारा कसा तयार होतो?

तापी आणि पूर्णा पावसाळ्यात भरपूर गाळ आणतात. चांगदेवजवळचा त्यांचा संगम हतनूरच्या फुगवट्यातच आहे. पुढे सिंचन, पिण्याचं पाणी आणि दीपनगर वीजकेंद्रासाठी उपसा होतो, तशी पातळी उतरते आणि ओला गाळ उघडा पडतो. त्यातले किडे, अळ्या हेच तुतवाराचं खाद्य. तो पोहून नाही, काठाने चालत खातो. त्यामुळे धरण भरलेलं असण्यापेक्षा पाणी हळूहळू उतरणं त्याच्या सोयीचं असतं. धरणांच्या अशाच उघड्या जमिनीवर शेतकरी गाळपेरही करतात. म्हणजे एकाच पट्ट्यावर दोघांची गरज.

कायदा काय सांगतो?

हतनूर 'महत्त्वाचं पक्षीक्षेत्र' म्हणून नोंदलेलं आहे, पण या नोंदीने कायदेशीर संरक्षण मिळत नाही. २०१७ च्या पाणथळ नियमांच्या व्याख्येतून सिंचन आणि पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले जलाशय वगळले आहेत. पक्ष्याच्या शिकारीला वन्यजीव कायद्याने बंदी आहे. त्याच्या काठाचं मात्र तसं नाही.

मग मार्ग आहे का?

आहे. नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मध्यमेश्वरही गोदावरीवरच्या बंधाऱ्यामुळे तयार झालं. ते आधी अभयारण्य झालं आणि २०१९ मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ठरलं. तुतवार आज धोक्यातल्या प्रजातींत नाही, पण जगभरात त्याची संख्या घटते आहे. खान्देशात त्याचा किनारा दरवर्षी नव्याने तयार होतो. तो टिकेल का, हे पाणी आणि गाळाची जमीन आपण कशी वापरतो यावर ठरेल.