प्रवराकाठचे बिबटे



शाळेतील जुन्या प्राणिपाठांत प्रत्येक श्वापदाचे निवासस्थान एका शब्दात सांगण्याची चाल असे : काळवीट माळावर, मोर झाडीत, बिबट्या अरण्यात. मुले ते पाठ करीत आणि परीक्षेत लिहून मोकळी होत. परंतु नगर जिल्ह्याचा, म्हणजे २०२४ पासून ज्यास अहिल्यानगर म्हणतात त्या जिल्ह्याचा, गेल्या शंभर वर्षांचा इतिहास पाहू गेल्यास बिबट्याच्या बाबतीत तरी हे उत्तर पुरे पडत नाही. ‘बिबट्या कोठे राहतो?’ असे कोणी विचारले, तर ‘कोणता बिबट्या?’ असे उलट विचारल्यावाचून गत्यंतर नाही. हा नुसता पुस्तकी वाद नव्हे. उसाच्या कडेला वस्ती करून राहणाऱ्यांच्या लेकरांचा जीव त्यात गुंतलेला आहे.

आपल्या जिल्ह्याची पश्चिम बाजू सह्याद्रीची. कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड ही शिखरे अकोले तालुक्यातली. तेथे पाऊस कोसळतो; पण पूर्वेकडे उतरावे तसतसा तो आटत जातो आणि मुलूख अवर्षणाचा होतो. रतनगडाच्या कुशीत उगम पावणाऱ्या प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण १९१० साली सुरू होऊन १९२६ साली पुरे झाले. त्याच्या कालव्यांनी जिरायत रानाचे बागायत केले. मग ऊस आला, उसामागून साखर आली. १९५० साली प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीने सहकारी कारखान्याचे पहिले गाळप झाले, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. त्या कथेत बिबट्याचे नाव कोणी घेत नाही. वस्तुतः या कालव्यांनी त्याचेही भवितव्य बदलले.

आडसाली ऊस शेतात वर्ष-दीड वर्ष उभा असतो. पुरुषभर उंच, आत गारवा, जवळ पाटाचे पाणी. आणि बांधापलीकडे वस्तीवर कुत्री, शेळ्या, कोंबड्या. याहून अधिक बिबट्यास काय हवे? मादी फडात वीते, बछडे फडातच डोळे उघडतात, आईबरोबर रात्री बांधाबांधाने फिरावयास शिकतात. अशा बछड्यास मोठेपणी ‘हा जंगलातून चुकून आला’ असे म्हणणे म्हणजे पुण्यात जन्मलेल्या मनुष्यास आजोळच्या गावचा पाहुणा म्हणण्यासारखे आहे. त्याने जंगल पाहिलेलेच नसते.

अकोल्याच्या खोऱ्यात विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुष्कळ परिश्रमाने या प्राण्यांचा शोध घेतला. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरील ठिपक्यांची ठेवण निराळी असते. एवढेच नव्हे, तर एकाच बिबट्याच्या डाव्या व उजव्या कुशीवरचीही सारखी नसते. त्यामुळे वाटेवर लावलेल्या स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या छायाचित्रांवरून त्यांस एकेक करून ओळखता येते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाप्रमाणे तेथे दर १०० चौरस किलोमीटरांत सरासरी ४.८ प्रौढ बिबटे होते. ज्या मुलखात दर चौरस किलोमीटरास ३०० हून अधिक माणसे नांदतात, तेथली ही संख्या आहे. पुढील वर्षी त्यांच्या आहाराचा हिशेब आला. वजनाच्या मानाने ८७ टक्के भक्ष्य पाळीव जनावरांचे व त्यात कुत्र्यांचाच वाटा ३९ टक्के. डोंगरातल्या महादेव कोळ्यांना या शेजाराचे नवल वाटले नसते. ते पिढ्यान्‌पिढ्या वाघोबास पूजितात, वाघबारस पाळतात. आणि आपल्याकडे खेड्यात बिबट्यासही वाघच म्हणतात.

परंतु खरी मौज गळपट्ट्यांनी उघड केली. उपग्रहाच्या साहाय्याने ठावठिकाणा कळविणारे पट्टे पाच बिबट्यांच्या गळ्यात बांधण्यात आले. त्यांतील चार महाराष्ट्रातले व एक हिमाचल प्रदेशातला. जात एक, पण पाचांची चाल पाच प्रकारची. ज्या तिघांना पकडल्या जागेजवळच सोडले, ते ८, ११ व १५ चौरस किलोमीटरांच्या लहानशा टापूत समाधानाने राहिले. दाट वस्तीत राहणारे रात्री घरांच्या अगदी जवळून, पंचवीस मीटरांच्या आतून जात. दिवसा मात्र त्या बाजूस क्वचितच फिरकत. याउलट विरळ वस्तीच्या मुलखातला एक बिबट्या दिवसा काय किंवा रात्री काय, मनुष्यवस्ती टाळूनच चाले.

उरलेल्या दोघांत एक नर व एक मादी. त्या दोघांनाही पकडल्या ठिकाणापासून ५२ किलोमीटरांवर सोडले होते. मादीने पाच महिन्यांत सरळ रेषेत ४५ किलोमीटर अंतर तोडले. नर आपल्या पारनेर तालुक्यातला. टाकळी ढोकेश्वर येथे २००९ साली तो विहिरीत पडला होता. त्याचे नाव ‘आजोबा’ पडले. माळशेज घाटाजवळ त्याला सोडले, तर हे आजोबा घाटात न रमता पश्चिमेस चालू लागले. कसाऱ्याजवळ लोहमार्ग, मुंबई-आग्रा रस्ता, कारखाने, वस्त्या हे सर्व रात्रीच्या रात्री ओलांडून सदतीस दिवसांत सरळ रेषेत ८९ किलोमीटरांचा पल्ला त्यांनी गाठला आणि ते मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाकडे जाऊन स्थिरावले. वाटेत मनुष्यावर हल्ला केल्याची नोंद नाही. २०११ च्या डिसेंबरात मुंबई-अहमदाबाद रस्त्यावर वाहनाच्या धडकेने त्यांचा अंत झाला. एवढी वाट बिनबोभाट कापणाऱ्यास शेवटी मोटारीने गाठावे, हे दैव.

आता या भिन्न स्वभावाचा व्यवहाराशी संबंध कोठे येतो ते पाहा. सीमेपलीकडच्या जुन्नर भागात २००१ ते २००३ या काळात शंभरावर बिबटे पकडले गेले व त्यांपैकी पुष्कळ दूरच्या जंगलांत सोडले गेले. हेतू चांगलाच होता. परिणाम उलट झाला. पूर्वी माणसांवरील हल्ले वर्षास सरासरी ४ होत, ते या उपायानंतर १७ वर गेले. ज्यास कोणत्या वस्तीवरचे कुत्रे कधी सुटते आणि पाटाचे पाणी कोठे मिळते हे नेमके ठाऊक होते, त्यास अनोळखी मुलखात लोटले, की ते जनावर भांबावते, हिंडते, माणसांच्या आड येते. इकडे त्याची मोकळी जागा कोणी दुसरा येऊन बळकावतो. हा दुसरा कसा निघेल, ते आधी कोणास सांगता येणार?

ज्या घरातले मूल गेले त्या घरास हे सारे सांगून समाधान होणार नाही, व व्हावे अशी अपेक्षाही निर्दयपणाची ठरेल. जो बिबट्या खरोखर मनुष्यावर उलटला आहे त्याचा बंदोबस्त झालाच पाहिजे. मात्र पिंजऱ्यात शिरला तोच गुन्हेगार, असे समजण्यास आधार लागतो. बोकडाच्या वासाने येणारा कोणताही असू शकतो. आणि जो निरुपद्रवी होता तोच नेला गेला, तर गाव निर्धास्त होते आणि धोका तसाच राहतो. पिंजऱ्यात आलेल्याचे ठिपके हल्ल्याच्या जागेवरील छायाचित्रांशी ताडून पाहणे, हा उपाय मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

ऊसतोडीच्या दिवसांत, म्हणजे कार्तिकापासून पुढे, कोयत्याखाली फड मोकळा होत जातो आणि एखाद्या सरीत बछडे सापडतात. पूर्वी ती पोरकी समजून उचलून नेत असत. आता अनेक ठिकाणी वनखात्याची माणसे व माणिकडोह केंद्राचे वैद्य त्यांना तपासून सायंकाळी त्याच शेतात, त्याच जागी, खोक्यात घालून ठेवतात आणि दूर जाऊन बसतात. रात्री मादी येते, खोक्याभोवती फिरते, आणि एकेक पिल्लू तोंडात धरून बांधापलीकडच्या न तोडलेल्या उसात घेऊन जाते.