भीमथडीची पेवं

संत तुकाराम महाराजांची पालखी यवतला मुक्कामी येते त्या दिवशी गावाचा बेत ठरलेला असतो: पिठलं आणि भाकरी. काळभैरवनाथाच्या देवळात मोठमोठ्या कढयांत पिठलं रटरटत असतं. भाकरी मात्र घराघरांतून येते, आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून दुरड्या भरभरून येते. ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून निघालेली पालखी पुणे, लोणी काळभोर करत इथे पोचते, तेव्हा पाऊस तोंडावर आलेला असतो आणि शिवारात ज्वारीचं एक ताटही उभं नसतं. रब्बीची ज्वारी फाल्गुनातच खळ्यावरून घरात आलेली असते. म्हणजे वारकऱ्याच्या हातावर पडते ती साठवणीच्या धान्याची भाकरी. धान्य वर्ष-दोन वर्षं टिकवायचं, ते किडू द्यायचं नाही, भिजू द्यायचं नाही, चोराच्या आणि सरदाराच्या स्वारांच्या हाती लागू द्यायचं नाही, ही विद्या या पट्ट्याने फार जुन्या काळापासून जोपासली होती.

जोपासावी लागलीच. भीमेच्या अलीकडे दौंड, पलीकडे शिरूर. दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत. दौंडचा बराचसा भाग पूर्वी भीमथडी तालुक्यात होता. मावळात धो धो कोसळणारा पाऊस इथे येईपर्यंत वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास उरतो, आणि त्याचाही भरवसा नाही. नदीकाठची काळी जमीन ओल धरून ठेवते म्हणून रब्बीचा शाळू पिकतो. एखाद्या साली तो इतका पिकतो की खळं पुरत नाही, आणि पुढची दोन सालं कोरडी जातात. पिकलेल्या सालाने न पिकलेली सालं ओढून न्यायची, हा इथल्या शेतीचा खरा हिशेब. तो पेवात मांडला जायचा.

पेव म्हणजे जमिनीत खणलेला धान्याचा साठा. तोंड लहान, एक माणूस कसाबसा उतरेल एवढं. पोट मात्र खाली रुंदावत गेलेलं. जागा निवडण्यातच निम्मं यश असे. काळ्या रानात पेव कोणी खणत नसे, कारण ती माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात पाणी धरते. पेव काढायचं ते गावठाणाच्या पांढरीत किंवा कोरड्या मुरमात, उंचवट्यावर, पुष्कळदा वाड्याच्या चौकात, वेशीच्या आत किंवा देवळासमोरच्या मोकळ्या जागेत. खणून झालं की आत जाळ करून भिंती तापवायच्या, म्हणजे ओल मरते. मग शेणामातीने सारवायचं. तळाला आणि कडेने कडबा, गवत, पाचट यांचा जाड थर द्यायचा. चैत्र-वैशाखाच्या उन्हात ज्वारी खडखडीत वाळवायची. दाताखाली दाणा कटकन फुटला की ती भरायला तयार. पेव तोंडापर्यंत गच्च भरायचं, वर पुन्हा गवताचा थर, त्यावर दगडी फरशी आणि त्यावर माती. नीट लिंपलं की वरून चालणाऱ्याला खाली खंडीभर ज्वारी आहे याचा पत्ता लागत नसे. वीस मणांची एक खंडी. लहान पेवात दोन-चार खंड्या मावत, मोठ्यात त्याच्या कितीतरी पट.

आत काय घडतं ते आता प्रयोगशाळांनी मोजलेलं आहे. दाणा जिवंत असतो, तो श्वास घेतो. धान्याबरोबर आत गेलेले सोंडकिडे आणि भुंगेरेही श्वास घेतात. बंद पोकळीतला प्राणवायू हळूहळू संपतो आणि कर्बवायू वाढत जातो. प्राणवायू तीन टक्क्यांच्या खाली उतरला की बहुतेक किडे मरतात आणि त्यांची पुढची पिढी उभी राहत नाही. औषध नाही, धूर नाही. किड्यांनी स्वतःच स्वतःची हवा संपवलेली असते. म्हणून पेव अर्धं भरून ठेवत नसत आणि एकदा फोडलं की थोडं थोडं काढत बसत नसत. फोडलेलं पेव रिकामं करायचं, हा शिरस्ता होता. चार घरांनी मिळून वाटून घेतलं तरी चालेल, पण पुन्हा झाकायचं नाही.

हाच कर्बवायू माणसाच्याही जिवावर उठतो. फरशी काढल्याबरोबर आत उतरणारा माणूस दोन श्वासांत कोसळतो, आणि त्याला काढायला गेलेला दुसराही. जाणते लोक तोंड उघडून ठेवत, हवा खेळू देत, दिवा सोडून पाहत. ज्योत विझली तर कोणी पाय खाली टाकत नसे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या मार्कस व्हॅरो या रोमन लेखकाने शेतीवरच्या आपल्या ग्रंथात अशाच भूमिगत साठ्यांबद्दल लिहून ठेवलं आहे. अशा खड्ड्यात गहू पन्नास वर्षं आणि बारीक भरड धान्य शंभराहून अधिक वर्षं टिकतं असं तो सांगतो, आणि उघडल्या उघडल्या आत शिरणारे गुदमरून मेल्याचीही नोंद करतो. भीमेकाठच्या शेतकऱ्याने व्हॅरो वाचला नव्हता, पण दोघांचा अनुभव एकच.

पेवाला दोषही होते आणि ते मान्य केले पाहिजेत. कडेची ज्वारी ओल धरून काळी पडायची. मधल्या दाण्यालाही एक अंबूस वास यायचा आणि भाकरीला तो लागायचा. पेवातला दाणा उगवत नसे. म्हणून बियाणं कधीच पेवात जात नव्हतं. ते घरातल्या बाईच्या ताब्यात असे: निवडक कणसं आढ्याला टांगलेली, किंवा राखेत घोळवलेला दाणा मडक्यात, वरून तोंड लिंपून. रोजच्या वापरातलं धान्य कणगीत. निरगुडीच्या, तुरीच्या काड्यांची किंवा बांबूची विणलेली ही उभी कणगी कैकाडी आणि बुरूड विकायला आणत. घरी आणून ती आतबाहेर शेणाने सारवली जाई. मोठ्या वाड्यांत भिंतीतच बांधलेलं बळद असे, वरून भरायचं आणि खालच्या भोकातून काढायचं. डाळी-कडधान्यं मडक्यांच्या उतरंडीत. कडुनिंबाचा पाला, राख, एरंडेल, बिब्बे, ज्याला जे सोसेल ते. पेव हे कर्त्या पुरुषाचं आणि गावाचं. कणगी आणि उतरंड मात्र पूर्णपणे बायकांच्या हुकमतीत. घरात किती दिवसांचं धान्य आहे हे अचूक सांगणारी व्यक्ती बहुधा सासूच असे.

पण साठवण्याची विद्या असूनही उपासमार झाली, आणि या प्रदेशाच्या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न इथेच येतो: पेव कोणाचं?

१६३०च्या महादुष्काळात दख्खन उजाड झालं. तुकोबांचं घराणं वाण्याचं, धान्याच्या व्यापाराचं आणि सावकारीचं. परंपरा सांगते की त्या दुष्काळात त्यांची पहिली पत्नी रखमाबाई आणि मुलगा संतू अन्नावाचून गेले, आणि पुढे तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली. ज्यांची पालखी यवतच्या भाकरीवर थांबते त्या संताने भूक आणि कर्ज ही दोन्ही टोकं स्वतःच्या घरात पाहिली होती.

अडीचशे वर्षांनी तशीच कर्जखतं याच मुलखात जाळली गेली. इंग्रजी अमलात शेतसारा रोखीने भरावा लागे, आणि हप्त्याची तारीख ज्वारीच्या भावाची वाट पाहत नसे. शेतकरी खळ्यावरच धान्य सावकाराला देऊन मोकळा होई आणि श्रावणात तेच धान्य चढ्या भावाने उधार आणी. पिकलं कोणाच्याही रानात, साठा जमे सावकाराच्या घरी. शिरूर तालुक्यातल्या करडे गावात डिसेंबर १८७४मध्ये सावकारांवर बहिष्कार पडला. १२ मे १८७५ रोजी भीमथडीतल्या सुप्याला, बाजाराच्या दिवशी, लोकांनी सावकारांची घरं-दुकानं फोडली आणि खतं, वह्या पेटवल्या. दंगे पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले, चौकशी आयोग बसला आणि १८७९मध्ये दख्खन शेतकरी कायदा झाला. दंग्यात माणसं फारशी मारली गेली नाहीत. रोख होता तो कागदांवर. पण दंग्यांच्या पुढल्याच साली पाऊस दगा देऊन गेला आणि १८७६ ते ७८चा दुष्काळ आला. इंग्रज अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराची रोजची मजुरी एक पौंड धान्य आणि वर एक आणा इतकी खाली आणली तेव्हा पुण्याच्या सार्वजनिक सभेने तिच्याविरुद्ध आवाज उठवला. पेवं खणता येणाऱ्या लोकांकडे पेवात घालायला काही उरलं नव्हतं, ही त्या दुष्काळाची खरी शोकांतिका.

दोन गोष्टींनी पेवाचा शेवट जवळ आणला. १८५८मध्ये पुण्याहून दिक्सळपर्यंत रेल्वे सुरू झाली. ती यवत-केडगाववरून जाते. आता भाव जिथे चढेल तिथे धान्य जाऊ शकत होतं आणि तिथून येऊही शकत होतं. गावात ते गाडून ठेवण्याचं कारण व्यापाऱ्याला उरलं नाही. दुसरी गोष्ट पाण्याची. १८७९मध्ये खडकवासला धरण पूर्ण झालं आणि मुठा उजव्या कालव्याचं पाणी भीमथडीत उतरलं. पाण्यामागोमाग ऊस आला, उसामागोमाग गुऱ्हाळं. पानशेत धरण फुटून १९६१मध्ये खडकवासल्याचीही वाताहत झाली. त्यानंतर नवा कालवा आणखी पुढे, इंदापुरापर्यंत गेला. आज यवत-केडगाव-राहू पट्ट्यात फिरणाऱ्याला चुलवाणांचा धूर आणि काहिलीतल्या रसाचा वास जागोजागी भेटतो, शाळूचं रान शोधावं लागतं. गुळाची ढेप पेवात राहत नाही. ती हवेतली ओल शोषून पाझरते. तिला कोरडं, उंचावरचं ठिकाण लागतं. ज्याचं पीक बदललं त्याची साठवणही बदलली.

उरलेलं काम रेशनने आणि संकरित वाणांनी केलं. मोहोळच्या निवडीतून आलेली मालदांडी ३५-१ ही रब्बीची ज्वारी भाकरीच्या चवीसाठी आजही पहिली मानली जाते. १९६४मध्ये सीएसएच-१ हा संकर आला, उत्पन्न वाढलं. पण खरिपातली संकरित ज्वारी पावसात सापडली की दाणा काळा पडतो, आणि असा दाणा साठवणीला टिकत नाही. १९७२च्या दुष्काळात सरकारने अमेरिकेची लाल मिलो रेशनवर वाटली. ज्यांनी ती खाल्ली त्यांना तिची भाकरी अजून आठवते, आणि आठवण चांगली नाही. त्यानंतर घरोघर पत्र्याच्या कोठ्या आल्या, गव्हात पाऱ्याच्या टिकड्या आल्या, काही ठिकाणी तर राहत्या घरात विषारी धुरीच्या गोळ्याही. या गोळ्यांनी माणसं दगावली आहेत; बंद घरात त्या वापरणं कोणीही टाळावं.

गंमत अशी की जग पुन्हा पेवाच्या तत्त्वाकडे वळलं आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अर्जेंटिनाने जादा धान्य भूमिगत हवाबंद कोठारांत ठेवलं. पर्ड्यू विद्यापीठाने पश्चिम आफ्रिकेतल्या चवळीसाठी तीन थरांची हवाबंद पिशवी काढली, ती आता लाखो शेतकरी वापरतात. कॉफीचे निर्यातदार कच्च्या बिया हवाबंद अस्तराच्या पोत्यांत भरतात ते त्याच नियमावर. कीटकनाशकाशिवाय धान्य टिकवण्याची जी पद्धत आता शेतकऱ्यांना नव्याने विकली जाते, ती यवतच्या पांढरीत फुकट होती.

दौंड-शिरूरच्या जुन्या गावठाणांत घर पाडताना किंवा रस्ता खणताना अजून एखादं पेव उघडं पडतं. सहसा त्यात राडारोडा टाकून वर काँक्रीट केलं जातं. असं पेव सापडलं तर आधी आत कोणाला उतरू देऊ नका, हवा खेळू द्या. मग त्याची खोली, तोंडाचा आणि पोटाचा घेर मोजा, फोटो काढा, ते कोणाचं होतं आणि शेवटचं कधी भरलं ते गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, आणि ही माहिती ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या दप्तरी लिहून ठेवा. पेव भरताना पाहिलेली माणसं आता थोडी उरली आहेत. त्यांना याच वर्षी विचारायला हवं.