पुसायची रेघ : गोधडीवरच्या खुणेचा इतिहास



सौंदडला आज इतिहासावर व्याख्यान आहे, आणि विषय आहे कापडावर खूण करायचं पेन. काहींनी येतानाच विचारलं, "हा कसला इतिहास?" प्रश्न रास्त आहे. आपल्या इतिहासात पेन येतं ते तहावर सही करण्यापुरतं. पण आजची रेघ वेगळी आहे. ती काढायची, तिच्यावरून टाके घालायचे, आणि काम संपलं की ती दिसता कामा नये.

गोधडी आता घरापुरती राहिलेली नाही. बचत गटांतून, प्रदर्शनांतून, ऑर्डरवर ती विकली जाते. नक्षी आखून घ्यावी लागते. मग दुकानात जाऊन 'पुसलं जाणारं पेन' मागितलं जातं. पुसलं गेलं तर ठीक. नाही गेलं, तर महिनाभराचं काम हातात घेऊन गिऱ्हाईक म्हणतं, "यावर डाग आहे." पैसे कोणाचे कापले जातात? पेन बनवणाऱ्याचे नाही. शिवणारीचे. म्हणून हा विषय किरकोळ नाही.

आधी एक गोष्ट लक्षात घेऊ. आपल्या आज्यांनी गोधड्या शिवल्या त्या बहुतेक रेघ न मारता. नऊवारी लुगडं, धोतर, जुनी चादर असे थर जमिनीवर अंथरायचे, सुरकुत्या काढायच्या, मोठे कच्चे टाके घालून थर धरायचे, आणि कडेपासून धावदोरा सुरू करायचा. पहिली ओळ कडेच्या आधाराने, दुसरी पहिलीच्या आधाराने. दोन ओळींमधलं अंतर बोटाच्या मापानं. लुगड्याचा काठ हीच सरळ रेघ. चौकड्याचं कापड असेल तर चौकडीच आखणी. फार झालं तर घडी घालून नखानं दाबायची, त्या चुणीवरून सुई न्यायची. ती चुणी पहिल्या धुण्यातच जाते.

हे आपल्याकडेच होतं असं नाही. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागात सिद्दी समाज राहतो. मूळ आफ्रिकेतून आलेले हे लोक. त्यांची बोली कोकणी-मराठीला जवळची. तिथल्या बाया 'कवंदी' शिवतात, ती आपल्या गोधडीची बहीणच. त्याही कडेपासून सुरू करतात, फिरत फिरत मध्यापर्यंत येतात. वरची ठिगळं जशी सुचतील तशी. आखणी नाही.

ज्यांच्या घरी बिड्या बांधल्या जातात त्यांना हे लगेच कळेल. तेंदूच्या पानावर आपण रेघ मारत नाही. पत्र्याचा फर्मा ठेवतो आणि कातरीने कापतो. माप हातात असलं की रेघ लागत नाही.

मग रेघ आली कुठून? तुम्ही म्हणाल, शिंप्याकडून. शिंपी खडू वापरतोच. पण शिंप्याची रेघ आणि गोधडीची रेघ यांत मोठा फरक आहे. शिंपी रेघ मारतो ती कापायला. ती कापडाच्या उलट्या बाजूला असते, किंवा शिवणीच्या आत जाते. तिचा थोडा अंश राहिला तरी कोणाला दिसत नाही. गोधडीची रेघ मात्र सुलट बाजूला, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. त्यामुळे शिंप्याला चालणारा मेणाचा खडू गोधडीला चालेलच असं नाही. मेणावर गरम इस्त्री फिरली की ते वितळतं, कापडात मुरतं आणि तेलकट डाग राहतो.

कापडावर खूण करण्याची दुसरी एक परंपरा तर आपल्या रानातलीच आहे. बिब्बा. वरठी, म्हणजे धोबी, कोणाचं कापड कोणाचं हे ओळखायला बिब्ब्याच्या रसानं खूण करायचा आणि ती चुन्यानं पक्की करायचा. कापड विरेल, पण खूण जाणार नाही. इंग्रजांनी या फळाला नावच दिलं ते 'खुणेचं फळ' या अर्थाचं. पुढे कॉपिंग पेन्सिल आली. कोरडी असताना ती साध्या पेन्सिलीसारखी दिसते, ओली झाली की जांभळी होते आणि पक्की बसते. कागदपत्रांवर ती उपयोगाची ठरली ती याच गुणामुळे. म्हणजे न जाणारी खूण करणं माणसाला फार आधीपासून येत होतं. अवघड होतं ते जाणारी खूण करणं.

ती कोणाला हवी होती? माझ्या मते याचं उत्तर असं : जिथे आखणारा हात आणि शिवणारा हात वेगळे झाले, तिथे पुसल्या जाणाऱ्या रेघेची गरज पडली. तीन उदाहरणं देतो.

पहिलं लखनौचं चिकनकाम. तिथे नक्षी आधी लाकडी ठशाने कापडावर छापतात. छापणारा कारागीर एक, टाके घालणाऱ्या बाया दुसऱ्या. त्यातल्या कित्येक खेड्यांत, आपापल्या घरी बसून काम करणाऱ्या. छपाईचा रंग नीळ आणि डिंक यांचा, मुद्दाम कच्चा ठेवलेला. भरतकाम संपलं की कापड धोब्याकडे जातं, निळा ठसा धुऊन निघतो आणि पांढऱ्यावर पांढरं काम उरतं.

इथे एक शंका येईल. निळीचा रंग तर पक्का असतो, मग तो निघतो कसा? निळीच्या झाडापासून मिळणारा रंग पाण्यात विरघळत नाही. रंगारी पिंपात त्याच्यावर प्रक्रिया करतो, तेव्हा तो विरघळतो, धाग्याच्या आत शिरतो, आणि हवा लागली की तिथेच अडकतो. तोच रंग नुसता वाटून डिंकात कालवला तर तो धाग्यावर बसतो, धाग्यात जात नाही. डिंक विरघळला की रंग सुटतो. रंग तोच, आत गेला की पक्का, वर राहिला की कच्चा. आजच्या बहुतेक पेनांचं कोडं याच एका वाक्यात आहे.

दुसरं उदाहरण खाक्याचं. जरीकाम, साड्यांवरचं भरतकाम करणारे कारागीर पारदर्शक कागदावर नक्षी काढतात, रेघांवर सुईने भोकं पाडतात, कागद कापडावर ठेवतात आणि रॉकेलमध्ये कालवलेली नीळ किंवा पांढरी पूड बोळ्याने त्यावर फिरवतात. भोकांतून ठिपके उतरतात. रॉकेल उडून जातं, पूड राहते, आणि काम झाल्यावर ती झटकली जाते. इथे पाण्याचा संबंधच नाही, कारण रेशमाला पाण्याचे डाग पडतात. आपल्या कोशाच्या कापडालाही हे लागू आहे.

निळीबद्दल आणखी एक. घरात पांढऱ्या कपड्यांना लावायची पुडीतली नीळ झाडाची नव्हे. १८२४ मध्ये फ्रान्समध्ये कृत्रिम निळ्या रंगासाठी ६,००० फ्रँकचं बक्षीस जाहीर झालं, आणि १८२८ मध्ये ते गीमे नावाच्या रसायनतज्ज्ञाला मिळालं. तो रंग म्हणजे ही पूड. तीही पाण्यात विरघळत नाही, धाग्यावर नुसती बसते. म्हणून खाक्याला चालते.

तिसरं उदाहरण इंग्लंडचं. उत्तरेला ॲलनहेड्स नावाचं शिशाच्या खाणींचं गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे जॉर्ज गार्डिनर नावाचा दुकानदार होता. तो गोधड्यांवर नक्षी आखून द्यायचा. त्याच्याकडे शिकलेली एलिझाबेथ सँडरसन (१८६१–१९३३) पुढे या कामात प्रसिद्ध झाली. लोक कापड पाठवायचे, ती निळ्या पेन्सिलीने फुलं, वेली, चांदणी आखून परत द्यायची, आणि शिवणारी आपल्या घरी शिवायची. निळी रेघ धुण्यात जाईल असा हिशेब. त्यातल्या काही गोधड्या कधी वापरल्याच गेल्या नाहीत, म्हणून धुतल्याही गेल्या नाहीत. त्यांच्यावर निळी रेघ आजही दिसते. अभ्यासकांना ती उपयोगी पडते : रेघ दिसते, म्हणजे गोधडीला पाणी लागलेलं नाही.

या तिन्ही ठिकाणी एक सारखेपणा बघा. रेघ काढतानाच ती कशाने जाणार हे ठरलेलं होतं. चिकनमध्ये धोबी ठरलेला, खाक्यात झटकणं ठरलेलं, ॲलनहेड्सला पहिलं धुणं ठरलेलं. आपण आज उलटं करतो. आधी पेन आणतो, मग पुसायची चिंता करतो.

आता आजच्या पेनांकडे येऊ. बाजारात मुख्यतः तीन जाती आहेत.

पहिली, पाण्याने जाणारी निळी. ती थंड, साध्या पाण्यात जाते. पण तिच्यावर आधी इस्त्री फिरवली, तर ती कायमची बसू शकते. साबण किंवा सोडा आधी लावला तरी तीच भीती. आपली सवय नेमकी तीच : गोधडी सोड्याच्या पाण्यात भिजत घालायची. तसं करू नका. आधी साध्या पाण्यात पूर्ण बुडवा, रेघ गेली की मग साबण. आणि एक धोका वेगळाच. जुन्या लुगड्याचा लाल रंग पाणी लागताच सुटत असेल, तर रेघ काढायला घातलेलं पाणीच गोधडी बिघडवेल.

दुसरी, हवेने उडणारी जांभळी. अशा शाईत आम्ल आणि अल्कली यांनुसार रंग बदलणारं द्रव्य असतं. शाई अल्कलीची असेपर्यंत रंग दिसतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि ओलावा लागला की रंग जातो. द्रव्य कापडातच असतं, दिसेनासं होतं एवढंच. म्हणून सोड्याच्या पाण्यात ती रेघ पुन्हा डोकावू शकते. शिवाय हवा दमट असली की ती लवकर उडते. धानाच्या रोवणीच्या दिवसांत, पावसाळी हवेत, सकाळी आखलेली नक्षी टाके घालून होण्याआधीच गायब होऊ शकते. थोडं काम असेल तर हे पेन ठीक. मोठ्या गोधडीला नाही.

तिसरी, उष्णतेने जाणारी. ही जपानच्या पायलट कंपनीची शाई. रंग बदलणाऱ्या शाईवर त्यांचं काम १९७० च्या दशकापासून चाललेलं. 'फ्रिक्सियन' पेन २००६ मध्ये युरोपात आणि २००७ मध्ये जपानात आलं. ते बनलं कागदासाठी. शिवणकामात लोकांनी ते आपणहून आणलं. त्याच्या शाईत अतिसूक्ष्म कुप्या असतात, आणि ६० अंशांच्या पुढे त्यांतला रंग दिसेनासा होतो. इस्त्री फिरवली की रेघ गेली. जादूच वाटते. पण पारा उणे १० अंशांच्या खाली गेला की रंग परतू लागतो, उणे २० च्या सुमारास पुरता परततो.

आता विचार करा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास असतो. उन्हात बंद करून ठेवलेल्या गाडीत, काचेजवळ, तो ६० च्या पुढे जातो. आखलेलं कापड तिथे राहिलं, तर शिवायच्या आधीच रेघ गेली. आणि तीच गोधडी कोणी कॅनडातल्या लेकीला पाठवली, किंवा लडाखमध्ये नोकरी करणाऱ्या जवानाने नेली, तर तिथल्या थंडीत सगळी आखणी पुन्हा वर येईल. सौंदडला जी रेघ मेली असं आपण समजलो, ती लेहला जिवंत होईल. गडद कापडावर तर रेघ गेल्यावरही कधी कधी फिकट पांढरट माग राहतो.

म्हणून निवड पेनाच्या नावावरून करू नका. गोधडीचं पुढचं आयुष्य बघून करा. ती धुतली जाणार आहे का? कुठे वापरली जाणार? कापडाचा रंग सुटतो का? कोशाचं आहे का? या प्रश्नांची उत्तरं आली की पेन आपोआप ठरतं. पांढऱ्या, पक्क्या रंगाच्या सुती कापडाला पाण्याने जाणारी निळी उत्तम. गडद कापडाला पांढरा खडू, किंवा उरलेल्या साबणाची वाळलेली कपची. तिच्याइतकी स्वस्त आणि निरुपद्रवी खूण दुसरी नाही. कोशाला ओलं काही नको. नखाची चुणी किंवा कोरडी पूड. सरळ ओळी हव्या असतील तर कागदी चिकटपट्टी लावून तिच्या कडेने शिवा आणि त्याच दिवशी काढून टाका.

आणि पेन कोणतंही घ्या, आधी परीक्षा घ्या. ज्या कापडाची गोधडी, त्याच कापडाच्या दोन चिंध्या. दोन्हींवर रेघा मारा. गोधडी शिवायला जितके दिवस लागतील तितके दिवस त्या ठेवून द्या. आज मारलेली रेघ आज पुसली जाणं ही परीक्षा नव्हे. मग एक साध्या पाण्यात, नंतर सोड्यात धुवा. दुसरीवर इस्त्री फिरवा आणि ती रात्रभर फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवा. सकाळी दोन्ही उजेडात धरून बघा. यात खर्च काहीच नाही.

जुनं लुगडं दुसरं मिळत नाही. पेन मिळतं. बचत गटात ऑर्डर घेताना गिऱ्हाइकाला धुण्याची रीत लिहून द्या, आणि आखणी कशाने केली हेही लिहा. चिकनच्या ठसेवाल्याला धोबी माहीत होता. तुमच्या गोधडीचा धोबी आता तिकडे दूर, तुम्ही न पाहिलेल्या घरात आहे. त्याला सांगणं हे शिवणारीच्याच हिताचं आहे.

कोणी चिंध्या आणल्या असतील तर पुढे या, इथेच करून बघू.