जस्ती पत्र्याची घडण आणि गंज : गिरगाव-लालबागच्या छपरांचा एक इतिहास

प्रस्तावना

मुंबईच्या सामाजिक इतिहासात गिरणी, चाळ आणि कामगार यांचा विचार विपुल झाला. त्या मानाने त्यांच्यावर छत्र धरणारा जस्ती पत्रा दुर्लक्षित राहिला. प्रस्तुत लेखात या पत्र्यावरील गंजरोधक लेप आणि पत्र्याला दिला जाणारा आकार यांच्या परस्परसंबंधाचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे.

कल्हईकडून जस्ताकडे

पायधुणीजवळील तांबाकाटा हा भाग धातूच्या भांड्यांच्या व्यापारासाठी प्रसिद्ध आहे. तांब्या-पितळेचे भांडे आधी ठोकून घडवावयाचे, नंतर त्यावर कथलाची कल्हई करावयाची आणि ती झिजताच पुन्हा करून घ्यावयाची, हा येथील परंपरागत क्रम होय. आकारानंतर येणाऱ्या लेपाला घडणीचा ताण सोसावा लागत नसे.

हेन्री पामर याने १८२९ मध्ये लंडनमध्ये नालीदार लोखंडी पत्र्याचे, तर स्तानिस्लास सोरेल याने १८३७ मध्ये फ्रान्समध्ये लोखंडावर जस्त चढविण्याच्या पद्धतीचे एकस्व घेतले. या दोहोंच्या संयोगातून निर्माण झालेला हलका व स्वस्त पत्रा ब्रिटिश वसाहतींत सर्वत्र पोहोचला. औद्योगिक उत्पादनात मात्र पूर्वीचा क्रम बहुधा उलटला : आधी लेप, मग आकार. त्यानंतर छपरावर चढविताना पुन्हा कापणे, वाकविणे आणि भोके पाडणे.

लेपाची मर्यादा

जस्त पोलादाचे दुहेरी रक्षण करते. ते हवा व पाणी अडविते. तसेच ओरखडा पडल्यास स्वतः झिजून शेजारचे उघडे पोलाद वाचविते. परंतु वितळलेल्या जस्तात बुडविताना लोह आणि जस्त यांचे कठीण व ठिसूळ थर तयार होतात. पत्रा वाकविला की बाहेरच्या, ताणलेल्या बाजूस त्यांना भेगा जातात. १९३० च्या दशकात टाडेउश सेंजिमिर याने अखंड पट्टीवर जस्त चढविण्याची पद्धत विकसित केली. जस्तात अत्यल्प ॲल्युमिनियम मिसळल्याने ठिसूळ थरांची वाढ रोखली जाऊन लेप अधिक लवचिक होतो. पुढे जस्तावर रंगाचा थर आला. तथापि तीव्र वाकेवर रंगालाही सूक्ष्म भेगा पडतात. तेथे प्रथम जस्ताचा पांढरा, नंतर पोलादाचा तांबडा गंज दिसतो.

सुमारे २,२०० मिलिमीटर वार्षिक पाऊस आणि समुद्री क्षार यांमुळे मुंबईत ही प्रक्रिया वेगाने घडते. गिरणगावात कोळशाच्या धुराची भर होती. त्यातील गंधकयुक्त वायू जस्तावरील संरक्षक पापुद्रा विरघळवितात. १९१५ मध्ये खोपोलीची जलविद्युत मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. तरी धुराचा प्रश्न लगेच संपला नाही.

डागडुजी कोणाची?

कल्हई दारात येऊन नव्याने होत असे. छपरावरील जस्ताचे तसे नव्हते. खिळ्याच्या भोकावर डांबर लावणे किंवा पत्रा बदलणे एवढेच उपाय उरत. चाळीत हा खर्च मालकाचा की भाडेकरूचा, हा कळीचा प्रश्न होता. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठविली. भाडेकरूंना संरक्षण लाभले. मालकांचे दुरुस्तीकडील लक्ष मात्र कमी झाले. १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ स्थापन होऊन त्यासाठी उपकर आकारला जाऊ लागला. गळके छप्पर हा अशा रीतीने धातुशास्त्राबरोबरच कायद्याचाही विषय ठरला.

निष्कर्ष

प्रति चौरस मीटर २७५ ग्रॅम जस्त, दोन्ही बाजू मिळून, असलेल्या पत्र्यावर प्रत्येक बाजूस जेमतेम २० मायक्रॉन थर असतो. सपाट पत्र्यावरून ठरविलेले आयुष्य वाकलेल्या पत्र्यास लागू पडत नाही. म्हणून वाकेची त्रिज्या पुरेशी ठेवणे आणि कापलेल्या कडा व भोके बंद करणे अगत्याचे ठरते. गिरगाव-दादरच्या गच्च्यांवर आज दिसणाऱ्या रंगीत पत्र्यांच्या शेडनाही हाच नियम लागू आहे. लेप नव्याने करावा लागतो, ही कल्हईच्या व्यवहारातील जाणीव छपराच्या व्यवहारात रुजली नाही. त्याची किंमत वरच्या मजल्यावरील रहिवाशाने प्रत्येक पावसाळ्यात मोजली.