जातीचा रकाना

कुंभारवाड्याच्या शाळेत प्रवेश नोंदवही उघडली की माझी लेखणी हमखास एका रकान्यापाशी अडते: 'जात'. एकदा एक सिद्दी माउली मुलाला घेऊन आली. वडील कुणबी, पण मूल आजोळीच वाढलेले. "गुरुजी, ह्याची जात कोणती लावणार?" तिने विचारले.

सिद्दींचे पूर्वज आफ्रिकेतले. त्यांतील अनेकांना पोर्तुगिजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणले. तेथून निसटलेले घाटावरच्या रानात आले आणि यल्लापूर, हल्याळ, जोयडा भागात वसले. त्यांच्यात हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती तिन्ही आहेत. २००३ साली उत्तर कन्नडातील सिद्दींना अनुसूचित जमातीत स्थान मिळाले. जोयड्याचे कुणबीही हीच मागणी दीर्घकाळ करीत आले आहेत. म्हणजे या एका शब्दावर मुलाचे वसतिगृह, शिष्यवृत्ती आणि पुढची नोकरी अवलंबून!

रूढीने मूल बापाच्या जातीचे. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या रमेशभाई नायका खटल्यात सांगितले की, तसे गृहीत धरले तरी ते अंतिम नव्हे. आदिवासी आईनेच वाढवले, तिच्या समाजाची हालअपेष्टा भोगली आणि त्या समाजाने आपले मानले, हे मुलाला पुराव्याने दाखवता येते.

मी तिला म्हणालो, "बाई, घाई नको. आधी तहसीलदारांकडे पुरावे देऊन दाखला काढा, मग मी लिहितो."

नोंदवहीत एकदा उतरलेला शब्द पुढे बदलणे किती जिकिरीचे, हे मुख्याध्यापकाइतके कोणाला ठाऊक?