चतुर्थीचे दगड

जुने दप्तर चाळायचा नाद लागून मला बारा-तेरा वर्षं झाली, पण पोरांच्या खोड्यांचा कागद अजून हाती आलेला नाही. फिर्याद झाली तरच खोडी कागदावर येणार. एरवी ती म्हाताऱ्यांच्या तोंडी राहते आणि दर वेळी सांगताना थोडी गोड होत जाते.

आमचा आज्जा शहापूरचा. शहापूर तेव्हा सांगली संस्थानात, आणि त्याला खेटून असलेलं बेळगाव इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. चार पावलं टाकली की राज्य बदलायचं. मी पेशाने इंजिनिअर; नकाशावर हद्दीची रेघ दिसली की तिथे नाला होता की रस्ता, हे आधी शोधतो. आज्ज्याच्या टोळीला त्या रेघेचा उपयोग वेगळाच. खोडी इंग्रजांच्या राज्यात करायची आणि धूम ठोकून संस्थानात यायचं!

त्यांचा मोठा दिवस गणेश चतुर्थी. ही गोष्ट १९१४-१५ च्या सुमाराची. त्या रात्री चंद्र दिसला तर चोरीचा आळ येतो, स्यमंतक मण्यापायी तो श्रीकृष्णालाही चुकला नाही, ही समजूत सगळ्यांना ठाऊक आहे. त्यावरचा उतारा म्हणजे लोकांच्या शिव्या खाणे. आता शिव्या काही कुणी मागून देत नाही, म्हणून शेजाऱ्याच्या घरावर दगड. गुजरातेत तर या तिथीला ‘दगडा चोथ’च म्हणतात. पोरं चंद्र मुद्दाम बघायची, म्हणजे दगड मारायला धर्माचाच परवाना. घरातली म्हातारी आतून लाखोली वाहायची, पोरं कान देऊन ऐकायची, पोट भरलं की पुढचं घर.

इथे कौलांविषयी बोलायला हवं. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कारखाना काढला, तिथल्या कौलांना खाचा असतात. ती एकमेकांत अडकून बसतात. गावठी नळीची कौलं नुसती एकावर एक ठेवलेली. खडा लागला की सरकतात, फुटतात. आणि भाद्रपदात आमच्याकडचा पाऊस कुठे संपलेला असतो?

एका वर्षी टोळीने हद्द ओलांडायचा कंटाळा केला आणि शहापुरातल्याच एका विणकराचं घर धरलं. आज्जा ही गोष्ट रंगवून सांगायचा, आम्ही पोटभर हसायचो. कॉलेजात गेल्यावर एकदा मी सहज विचारलं, “आज्जा, त्या कौलाखाली काय होतं?”

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “माग होता.”

रात्री पाऊस झाला. खळ दिलेला ताणा भिजला की सुतं एकमेकांना चिकटतात. कित्येक दिवसांची मेहनत पाण्यात. सकाळी विणकर पंचांना घेऊन आला. आज्ज्याला घरी दोन चापट्या बसल्या, “पोरंच ती” असं म्हणून विषय मिटला. टोळीत त्यांच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईचा मुलगाही होता. त्याला चावडीवर नेऊन छड्या मारल्या. दगड कुणाचा लागला, हे कुणी विचारलंच नाही.

हे ऐकल्यावर मला गंगूबाई हनगल आठवल्या. जन्म १९१३, धारवाडचा. १९२४ च्या बेळगाव काँग्रेसमध्ये गांधीजींसमोर ही मुलगी गायली, हे आपण कौतुकाने सांगतो. लहानपणी त्यांनी शेजारच्या बागेतले आंबे चोरले होते, ती आठवणही त्यांनीच सांगून ठेवली आहे. मालक चिडला तो आंब्यांवरून कमी. गाणारणीच्या मुलीने आपल्या बागेत पाऊल टाकलं, याचाच त्याला राग जास्त. पुढे तसल्याच घरांतून त्यांना मानाने जेवायला बोलावणी येऊ लागली.

मी आज्ज्याला त्या मुलाचं नाव विचारलं. पुष्कळ आठवून पाहिलं त्याने, आठवेना. त्या रात्रीच्या शिव्या मात्र त्याला एकूण एक पाठ होत्या.